‘सगळ्यांचं रक्त लालच’ एवढ्यानं भागत नाही

आपल्या सभेत एक वाक्य हमखास येतं. वक्ता नवखा असो नाहीतर मुरलेला, मूठ आवळून तो विचारतो, ‘त्यांचं रक्त लाल, मग आमचं काय काळं आहे?’ टाळ्या पडतात. वस्तीतल्या म्हाताऱ्याही माना डोलावतात. मला या टाळ्यांबद्दल बोलायचंय. हे वाक्य खोटं नाही. पण समतेचा सगळा भार आपण त्याच्यावर टाकून बसलोय, आणि तो भार त्याला पेलणारा नाही, असं माझं म्हणणं आहे. या विचाराला मला लावलं ते चीनमधल्या भाताच्या शेतानं.

हकीकत अशी. माणसाच्या रक्तातला लाल भाग बाजूला केला की पिवळसर पाणी उरतं. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यातल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. ते आपल्या लिव्हरमध्ये तयार होतं. रक्तातलं पाणी नळीच्या आत धरून ठेवायचं आणि औषधापासून चरबीपर्यंत नाना प्रकारचा माल अंगभर वाहून न्यायचा, ही त्याची कामं. शरीरातलं हमालच म्हणा ना. लिव्हर बिघडलं की अल्ब्युमिन कमी पडतं, पाणी झिरपतं, पोट फुगतं, पाय सुजतात. फार भाजलेल्या माणसालाही ते कमी पडतं. मग डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि नातेवाईक बाटलीमागं पळतात. बाटली काही हजारांची. मजुरी करणाऱ्या घराला एका बाटलीत महिन्याची कमाई घालावी लागते.

ही बाटली येते कुठून? माणसाच्या अंगातून. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९४० च्या सुमारास, हार्वर्डच्या एडविन कोहन यांनी प्लाझ्मातून अल्ब्युमिन वेगळं काढायची रीत बसवली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा होरपळलेल्या खलाशांना ते टोचलं गेलं. तेव्हापासून आजतागायत हे औषध मुख्यतः माणसाच्याच प्लाझ्मातून येत आलं. जगाला दरवर्षी शेकडो टन लागतं.

त्यात आता भात शिरला. १९९० मध्ये हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या अल्ब्युमिनचं जनुक बटाट्यात आणि तंबाखूत घालून दाखवलं. २०११ मध्ये चीनमधल्या वुहान विद्यापीठातल्या यांग डाईचांग यांच्या गटानं भातातून ते मोठ्या प्रमाणात काढून दाखवलं. जनुकाला जोड अशी दिली की पानात, मुळात त्यानं गप्प बसावं आणि दाणा भरायला लागला की कामाला लागावं. दाणा भरला आणि पिठूळ भागात माणसाचं अल्ब्युमिन साठलं. तांदूळ दळून, प्रथिन पाण्यात उतरवून, गाळून, शुद्ध करून किलोमागं २.७५ ग्रॅम हाती लागलं. १०० मिलीच्या २० टक्के बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. म्हणजे सात-साडेसात किलो तांदळामागं एक बाटली. २०२५ मध्ये चीनच्या औषध खात्यानं लिव्हर सिरॉसिसच्या रोग्यांसाठी या भातातल्या अल्ब्युमिनला औषध म्हणून परवानगी दिली.

कुणी भाबडेपणानं ‘भातात रक्त पिकतं’ असं सांगत सुटू नये. रक्त पिकत नाही. लाल पेशी भातात होत नाहीत. रक्तातलं एक प्रथिन होतं. पण जे होतं ते माणसाचंच असतं. अल्ब्युमिन ही ५८५ मण्यांची माळ आहे. माणसाच्या लिव्हरमध्ये मणी ज्या क्रमानं ओवले जातात, त्याच क्रमानं ते भाताच्या दाण्यात ओवले जातात. माणसाच्या पेशीतला निरोप गवताच्या पेशीनं वाचला आणि अक्षर न चुकता उतरवला. गवताच्याच, कारण भात हे शेवटी एक गवत आहे.

आता आपलं ते वाक्य पुन्हा म्हणून बघा. रक्त सारखं म्हणून माणसं सारखी. ठीक. मग ज्या दाण्यात माझ्याच रक्तातलं प्रथिन तयार होतं तो दाणा माझा कोण? भाऊ म्हणू?

हसण्यावारी नेऊ नका. निसर्गात ही सरमिसळ प्रयोगशाळेच्या आधीपासून आहे. भुईमूग उपटायला गेलेल्या बाईला विचारा. मुळावर बारीक गाठी असतात. चांगली वाढलेली गाठ नखानं फोडली तर आतून गुलाबी-लालसर निघते. हा रंग हिमोग्लोबिनच्या जातीच्याच एका प्रथिनाचा. हरभऱ्याच्या, तुरीच्या मुळाशीही ते असतं. वनस्पतीचं हिमोग्लोबिन आणि आपलं हिमोग्लोबिन एकाच फार जुन्या कुळातली भावंडं आहेत. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी तर माणसाचं हिमोग्लोबिनही तंबाखूच्या रोपात तयार करून दाखवलं. म्हणजे सारखेपणाच मोजायचा तर तो माणसापाशी थांबत नाही. तो बांध ओलांडून शेतात जातो. जी वस्तू भुईमुगातही सापडते तिच्या जोरावर माणसाचा हक्क कसा मागायचा?

तथागतांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी वेगळ्या टोकानं धरला होता. वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण भांडत येतात. ब्राह्मण जन्मानं की कर्मानं, हा त्यांचा वाद. बुद्ध उत्तराची सुरुवात करतात ती गवतापासून आणि झाडांपासून. गवतात, झाडात, किड्यात, चार पायांच्या जनावरांत, सापांत, माशांत, पाखरांत जन्मानंच वेगळ्या खुणा दिसतात, जाती दिसतात. माणसाचे केस, कान, डोळे, हातपाय तपासले तर अशी खूण कुठंच सापडत नाही. माणसाची वर्गवारी त्याच्या कामावरून होते. शेती करील तो शेतकरी, चोरी करील तो चोर. बुद्ध अवयव तपासतात खरे, पण तिथं थांबत नाहीत. तपासून झाल्यावर ते माणसाच्या वागण्याकडं वळतात. आपण मात्र तपासणीतच अडकून पडलो.

तपासणीनं काय होतं ते इतिहासात बघा. १९०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट जाहीर केले. कुणाचं रक्त कुणाला चालतं याचा नियम सापडला आणि त्यात वंश, धर्म, जात कुठंच नव्हती. एवढ्यानं भेदभाव मिटायला हवा होता. झालं उलटं. पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर हिर्शफेल्ड नवराबायकोंनी नाना देशांच्या सैनिकांचं रक्त तपासलं, त्यात हिंदी शिपाईही होते, आणि कुणात कुठला गट किती यावरून वंशांची प्रतवारी मांडायचा उद्योग १९१९ पासून सुरू झाला. रक्तगटानं वंश मोडायचा सोडून वंशवाल्यांनी रक्तगटच कामाला जुंपला.

अमेरिकेत तर लाजेची हद्द झाली. प्लाझ्मा साठवायच्या शास्त्रात चार्ल्स ड्र्यू या काळ्या डॉक्टरचा वाटा मोठा. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा न्यूयॉर्कहून इंग्लंडला प्लाझ्मा पाठवायचं काम त्यांच्या देखरेखीखाली चाललं. त्याच देशाच्या रेडक्रॉसनं १९४१ मध्ये काळ्यांचं रक्त घ्यायलाच नकार दिला. ओरड झाली तेव्हा १९४२ मध्ये घ्यायला सुरुवात केली, पण वेगळ्या बाटलीत, वेगळी चिठ्ठी लावून. याला शास्त्राचा आधार नाही, हे ड्र्यूंनी उघड सांगितलं. शास्त्र सगळ्यांना माहीत होतं. तरी रेडक्रॉसची ही चिठ्ठी १९५० पर्यंत टिकली, आणि लुइझियाना राज्याचा तसा कायदा १९७२ पर्यंत. १९७२, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली ते साल. ज्ञान नव्हतं म्हणून भेद टिकला, असं म्हणायला तिथं जागाच नाही.

आपल्याकडं काय वेगळं घडलं? बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात रक्तशुद्धीच्या बाता उडवून लावल्या. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एका वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एका वंशाचे, हे त्यांनी मांडलं. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या ग्रंथात तर नाकाची मापं घेऊन फिरणाऱ्यांना त्यांच्याच मापांनी उत्तर दिलं. आणि आता जनुकशास्त्रानं त्यावर शिक्का मारलाय. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचा सहभाग असलेला अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. आज जे गट एकमेकांचं पाणी पीत नाहीत त्यांचे पूर्वज साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भरपूर मिसळले होते, मग ही मिसळण थांबली, असं त्यातून निघालं. आधी मिसळण, मागून कुंपण. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी हाती सुई नाही की बाटली नाही अशा स्थितीत जे सांगितलं, की जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे आणि हा नियम नंतर वरून लादला गेला, त्याच्याशी हे जुळतं.

एवढे पुरावे झाले. जात गेली का? २०१३ मध्येच, ज्या वर्षी हा अभ्यास छापून आला त्याच वर्षी, नगर जिल्ह्यात सोनईला तीन दलित पोरांचा खून झाला. त्यांतल्या एकाचं सवर्ण मुलीवर प्रेम होतं. मारणाऱ्यांना रक्त लाल असतं हे माहीत नव्हतं का?

इथं मला आपल्या गावाकडची एक गंमत दिसते. गंमत कसली, कावा. १९६० नंतर हायब्रीड ज्वारी आली. पाटलानं ती आनंदानं पेरली. सरकारी कागदावर तिचं नाव ‘संकरित’. ज्या संकराच्या भयानं मनूनं पानंच्या पानं भरली, ज्या संकरानं धर्म बुडतो म्हणतात, तो संकर शेतात चालला, गोठ्यात चालला, जर्सी गाय होऊन दूध देऊ लागला. फक्त घरात चालला नाही. कारण शेतातल्या संकरानं सातबारा वाढतो, आणि घरातल्या संकरानं सातबाऱ्यात वाटेकरी येतो. संकराची भीती रक्ताची नसते. ती मालकीची असते, मानाची असते.

म्हणून भातातल्या अल्ब्युमिननं जातीला धक्का बसेल असं कुणी समजू नये. मी तर उलटं भाकीत करतो. आज बाटलीतून घेताना सनातन्याच्या मनात एखादी पाल चुकचुकत असेल, की कुणाचं असेल कोण जाणे. शेतातून आलेल्या बाटलीनं ती पालही गप होईल. उद्या कुणीतरी तिच्यावर हिरवा ठिपका छापील आणि ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणून विकील. दुसऱ्या माणसाला न शिवता माणसाचं प्रथिन अंगात भरून घ्यायची सोय! खालच्याकडून माल घ्यायचा आणि त्याचा हात तेवढा नाकारायचा, ही कला इथं जुनीच आहे. धान्य चाललं, मळणीचे हात चालले नाहीत. कातडं चाललं, ते कमावणारा चालला नाही. आता रक्ताचाही हात गायब होईल.

याच ठिकाणी माझा एक मित्र मला अडवतो. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला रक्तदान शिबिर घेणारा हा कार्यकर्ता. तो म्हणतो, ‘म्हणूनच मला हे भाताचं पटत नाही. आपला पोरगा रक्त देतो, ते कुणाच्या अंगात जातं ते त्याला ठाऊक नसतं. कदाचित ज्यानं आपल्याला विहिरीवर अडवलं त्याच्याच. पण देणारा माणूस आहे, घेणारा माणूस आहे. एवढं तरी नातं उरतं. बाबासाहेबांनी बंधुता म्हटली ती हीच. तुम्ही तिच्या जागी चिखल आणताय.’

हे म्हणणं हलकं नाही. रिचर्ड टिटमस या इंग्रज विचारवंतानं १९७० मध्ये अख्खं पुस्तक याच मुद्द्यावर लिहिलं. जिथं रक्त विकत घेतात तिथं रक्तही वाईट मिळतं आणि समाजही, अनोळखी माणसाला काही फुकट देता येणं हीच समाजाची शिदोरी, असा त्याचा सूर. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनंही पैसे न घेता केलेल्या स्वेच्छादानाचा ठराव केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून भारतात रक्त विकणं बंद झालं. कागदावर तरी.

पण दोस्ता, दानाची ही आरती म्हणताना प्लाझ्माचा खरा बाजार बघ. जगातल्या प्लाझ्मापैकी जवळपास दोन तृतीयांश एकटी अमेरिका पुरवते, आणि तो दान केलेला नसतो. पैसे मोजून घेतलेला असतो. तिथं आठवड्यातून दोनदा प्लाझ्मा देता येतो. देणारे कोण? भाडं थकलेले, नोकरी गेलेले, पोरांच्या फीला पैसे नसलेले. आर्कान्सा राज्यात तर १९९४ पर्यंत तुरुंगातल्या कैद्यांचा प्लाझ्मा काढून विकत होते. त्यातला माल कॅनडापर्यंत गेला आणि आजार घेऊन गेला. अमेरिकेतल्या कैद्यांच्या आणि पैशासाठी देणाऱ्यांच्या प्लाझ्मापासून केलेलं रक्त गोठवणारं औषध इंग्लंडनं विकत घेतलं, हिमोफिलियाच्या लहान मुलांना टोचलं. तिथल्या चौकशी आयोगाचा अहवाल मे २०२४ मध्ये आला. दूषित रक्त आणि रक्तापासूनची औषधं मिळून ३०,००० हून जास्त लोकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची लागण, सुमारे ३,००० मृत्यू.

आणि ज्या चीनमध्ये आज हा भात उभा आहे, तिथंच १९९० नंतरच्या काही वर्षांत हेनान प्रांतात काय झालं? गरीब शेतकऱ्यांना प्लाझ्मा विकायला लावलं. अधिकाऱ्यांनीच उत्तेजन दिलं. अनेकांचं रक्त एकत्र ओतायचे, प्लाझ्मा काढून घ्यायचे आणि उरलेल्या लाल पेशी पुन्हा सगळ्यांच्या अंगात सोडायचे, म्हणजे माणूस लवकर ताजा होतो आणि पुन्हा विकायला येतो. एकाचा एचआयव्ही सगळ्यांना. गावंच्या गावं आजारी पडली. गाओ याओजी या म्हाताऱ्या डॉक्टरीण बाईंनी हे उघड केलं, सरकारनं त्यांच्यावर पहारे बसवले. शेवटी देश सोडून त्या अमेरिकेत गेल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला वारल्या. आपल्याकडंही २००८ मध्ये गोरखपूरला माणसं कोंडून ठेवून त्यांचं रक्त काढून विकणारी टोळी सापडली. कायद्यानं विक्री बंद होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

हेनानच्या शेतकऱ्याचं अंग हेच शेत झालं होतं. दर काही दिवसांनी कापणी. आता अंगाऐवजी खरं शेत हे काम करणार असेल, तर मी शेताच्या बाजूनं आहे. हे मी बंधुता सोडून म्हणत नाही. बंधुता दुसऱ्याच्या नडीवर उभी राहत नाही. कुणीतरी नाडला जातो म्हणून प्लाझ्मा मिळतो, आणि आपण त्याला माणसामाणसातलं नातं म्हणायचं? गावगाड्यातही नातं होतंच की. महार गावाचा, गाव महाराचं. बलुतं त्या नात्याचंच नाव होतं. असली नाती जितकी कमी होतील तितकं बरं. भंगी मुक्तीसाठी आपण यंत्र मागतो तेव्हा ‘सेवेचं नातं तुटेल’ म्हणून कुणी रडत नाही. रडला तर आपण त्याला गांधीवादी म्हणून हसतो. प्लाझ्मालाही तोच न्याय लावा.

मित्राच्या शिबिराचं मात्र काही बिघडत नाही. लाल पेशी भातातून मिळत नाहीत, त्या माणसानंच द्यायच्या आहेत. बाळंतपणात रक्त गेलेली बाई, अपघातातला मजूर, थॅलसेमियाचं लेकरू, यांना भात वाचवणार नाही. दान तिथं राहीलच. ते नडीचं नाही, मर्जीचं दान असेल.

यातच आपल्या घरातला एक प्रश्न येतो. विदर्भात आदिवासींत आणि आपल्या बौद्ध वस्त्यांत सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला सहावा मणी बदलतो, एवढाच फरक. पण त्यानं लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, हाडं ठणकतात, पोरं शाळा सोडतात, तरुण मरतात. हे जनुक मलेरियाच्या मुलखात टिकून राहिलं, आणि जातीतल्या जातीत लग्नांनी ते त्याच त्या घरांत फिरत ठेवलं. अमेरिकेत काळ्यांमध्ये हाच आजार. सरकार लक्ष देत नव्हतं तेव्हा ब्लॅक पँथर पक्षानं १९७१ पासून स्वतः वस्त्यांत रक्ततपासण्या सुरू केल्या. आपल्या पँथरनं नाव घेतलं ते त्यांच्याकडून. हे कामही त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

आता ते सभेतलं वाक्य सिकलसेलच्या पोरापुढं म्हणून दाखवा. त्याचं रक्त लाल आहे, पण सारखं नाही. भिंगाखाली वेगळं दिसतं. मग त्याचा हक्क कमी झाला का? आपण समता रक्ताच्या सारखेपणावर बांधली तर पहिली वीट इथंच निखळते. उद्या कुणी पांढरपेशा शास्त्रज्ञ म्हणेल, बघा, यांच्यात दोष आहे, हा जातीचा आजार आहे. तेव्हा आपण काय म्हणणार? ‘नाही नाही, आमचंही तुमच्यासारखंच आहे’ म्हणून गयावया करणार?

बाबासाहेबांनी ही पळवाट कधीच बंद केली. जातिनिर्मूलनाच्या त्याच भाषणात ते टीकाकाराचा आक्षेप मान्य करून पुढं जातात. माणसं सारखी नसतात, अंगानं नाही, वारशानं नाही, मेहनतीनं नाही. कबूल. तरीही समाज चालवायचं सूत्र म्हणून समताच धरावी लागेल, असं ते सांगतात. याचा अर्थ नीट घ्या. समता हा प्रयोगशाळेत सापडणारा पदार्थ नाही. ती आपण एकमेकांशी केलेली बोली आहे. रक्त तपासून कुणी ती आपल्याला द्यायची नाही आणि रक्त तपासून कुणी ती काढूनही घ्यायची नाही. अल्ब्युमिन भातात निघालं तरी ती वाढत नाही, सहावा मणी बदलला तरी घटत नाही.

आता शेत कुणाचं ते विचारू. कारण ‘शेताच्या बाजूनं’ म्हटलं की लगेच मालकाच्या बाजूनं झालो असं होता कामा नये. असलं बियाणं पेटंटात बांधलेलं असतं. २००२ मध्ये बीटी कापूस आला, तेव्हा बियाणं दुकानातून, भाव कंपनीचा आणि कर्ज शेतकऱ्याचं, हे आपण विदर्भात पाहिलं. औषधाच्या भाताचं तर आणखी वेगळं. तो खाण्याच्या भातात मिसळता कामा नये, म्हणून शेत वेगळं, राखण वेगळी, गिरणी वेगळी. म्हणजे तो चिंधीएवढ्या तुकड्याच्या शेतकऱ्याचा उरणारच नाही. उद्या तो आपल्याकडं आला तर आपल्या बाया गुडघाभर चिखलात लावणी करतील, रोज तोच मिळेल, आणि त्यांच्याच घरात कुणाचं पोट फुगलं तर बाटलीला पैसे नसतील. सिकलसेलचं उदाहरण ताजं आहे. २०२३ मध्ये जनुकात फेरफार करणारा उपचार अमेरिकेत मंजूर झाला. किंमत २२ लाख डॉलर. शास्त्र पोचलं, माणूस नाही पोचला.

याचं उत्तरही घरातच आहे. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करण्याचं बिल मांडलं. कोकणातला भात कुणाचा, खोताचा की कसणाऱ्याचा, हाच तो प्रश्न होता. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ मध्ये ते त्याच्याही पुढं गेले. शेती हा सरकारी उद्योग करा, जमीन जातधर्म न बघता सामुदायिक शेतीला द्या, कळीचे उद्योग सरकारच्या हाती ठेवा. हे कलम घटनेत आलं नाही. पण ज्या शेतात औषध पिकतं, ज्या दाण्यात माणसाचंच जनुक आहे, त्या शेताइतकी या कलमाला योग्य जागा दुसरी कुठली? अल्ब्युमिनचं जनुक कुठल्या कंपनीनं निर्माण केलं? ते तुमच्या-माझ्या, मेलेल्या-जिवंत सगळ्यांच्या अंगात आहे. त्याचा खोत कुणाला होऊ देऊ नका.

तेव्हा तरुण दोस्तांनो, तीन गोष्टी माझ्या मते आपण धरून बसायला पाहिजेत.

पहिली, असलं शास्त्र आलं की ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणून ओरडू नका. निसर्गाच्या नावानं आपल्याला दोन हजार वर्षं गावकुसाबाहेर ठेवलं. कुणाचं अंग मोकळं होतं आणि कुणाची तिजोरी भरते, एवढं बघा. पहिल्याला हो म्हणा, दुसऱ्याशी भांडा.

दुसरी, शिबिरं चालू ठेवा, पण त्यात सिकलसेलची तपासणी जोडा. सरकारनं जुलै २०२३ मध्ये त्याची राष्ट्रीय मोहीम काढली आहे, तिचा हिशेब तालुक्याला जाऊन मागा. आणि रक्त दिलेल्या सवर्ण पोराला, आपल्याही पोराला, चहाबिस्किट देताना विचारा, बाटलीत दिलंस, सोयरिकीत देशील का? बौद्धांतही पोटजात बघून सोयरिक करणारे आहेत. प्रश्न त्यांनाही विचारा.

तिसरी, ते वाक्य. ‘सगळ्यांचं रक्त लालच’ हे म्हणायला हरकत नाही, पुढं दुसरं वाक्य जोडत असाल तर. रक्त कसंही असलं तरी आमचा हक्क पुराच आहे, हे ते दुसरं वाक्य. टाळ्या कदाचित कमी पडतील. पडू द्या.

जय भीम.